साखळी, जामीन, कार्ड आणि खाते

सार्वजनिक वाचनालयाचे सभासद-कार्ड ही दिसायला अगदी क्षुल्लक वस्तू आहे. पूर्वी ते जाड पुठ्ठ्याचे असे, आता बहुधा प्लॅस्टिकचे असते. त्यावर नाव, क्रमांक आणि अलीकडे काळ्या रेघांची एक पट्टी, एवढाच मजकूर. रेशनकार्डावर हक्काचे धान्य मिळते, बँकेच्या पासबुकावर आपलेच पैसे आपल्याला परत मिळतात. या कार्डावर मात्र जे आपले नाही ते घरी नेता येते, आणि तेही केवळ ‘परत आणून देईन’ या शब्दावर.

उसने दिलेले पुस्तक परत येत नाही, असा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे. घरोघरीच्या कपाटांत अशा न परतलेल्या पुस्तकांच्या रिकाम्या जागा असतात. आणि खरे सांगायचे तर दुसऱ्यांची न परतवलेली पुस्तकेही असतात. असे असूनही माणसांनी आपली मोलाची पुस्तके परक्यांच्या हाती सोपवण्याची एक रीत घडवली. ही रीत एका दिवसात उभी राहिली नाही. विश्वास कोणावर ठेवायचा, किती ठेवायचा आणि तो मोडला तर काय करायचे, या तीन प्रश्नांना निरनिराळ्या काळांनी दिलेली उत्तरे म्हणजेच या कार्डाचा इतिहास होय. आज अनेक ग्रंथालयांत कार्डाबरोबर संगणकावरील खातेही उघडले जाते. त्या खात्याची वंशावळ कित्येक शतके मागे जाते, आणि तिचा आरंभ मठांच्या भिंतींआड झाला आहे.

मठातील गालिचा

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात श्रम आणि वाचन यांची सांगड घातली आहे. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक द्यावे आणि त्याने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने वाचावे, असा तेथे दंडक आहे. पुस्तक देणे आले म्हणजे ते कोणाला दिले याची नोंद आली, आणि नोंद आली म्हणजे हिशेबही आला.

हा हिशेब कसा घेतला जाई याचे चित्र अकराव्या शतकातील एका लेखनात सापडते. १०७० ते १०८९ या काळात कँटरबरीचे आर्चबिशप असलेले लॅनफ्रँक यांनी मठजीवनाचे नियम लिहून काढले. त्यांनुसार उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात सभागृहात एक गालिचा अंथरला जाई व त्यावर ग्रंथालयातील पुस्तके मांडली जात. ग्रंथपाल गेल्या वर्षीची यादी वाचून दाखवी. नाव पुकारले की त्या मठवासीने उठून आपले पुस्तक परत करायचे. ज्याने ते पूर्ण वाचले नसेल त्याने सर्वांसमक्ष साष्टांग पडून क्षमा मागायची. मग प्रत्येकाला नवे पुस्तक दिले जाई व नवी यादी तयार होई.

या प्रसंगात आजच्या देवघेवीची सारी अंगे आढळतात : वाचकाचे नाव, पुस्तकाचे नाव, परतीची ठरलेली तारीख आणि ती पाळण्याची जबाबदारी. फरक एवढाच की तेव्हा उशिराचा दंड नव्हता. पुस्तक न वाचल्याबद्दल प्रायश्चित्त होते. आजच्या कोणत्याही ग्रंथालयाने असा नियम केला तर सभासदांची संख्या किती उरेल, हा प्रश्न वाचकांनी आपापल्या मनाला विचारावा.

मठाबाहेरच्या गरजू वाचकाचे काय, हा प्रश्न लवकरच पुढे आला. काही मठांनी आपली पुस्तके कोणालाही न देण्याची शपथच घेतली होती, कारण गेलेली पुस्तके परत येत नसत. १२१२ साली पॅरिस येथे भरलेल्या धर्मपरिषदेने या शपथांना मनाई केली. पुस्तक उसने देणे हे दयेच्या प्रमुख कृत्यांपैकी एक आहे, असे कारण परिषदेने दिले. काही पुस्तके बंधूंच्या उपयोगासाठी मठात ठेवावीत आणि इतर पुस्तके गरजूंना द्यावीत, असा तोडगाही सुचवला. भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र यांच्या पंक्तीला ज्ञानाची गरज असलेल्याला पुस्तक आणून बसवणारा हा निर्णय आहे. सार्वजनिक ग्रंथालयाची कल्पना अद्याप सहाशे वर्षे दूर होती. तरी तिचे नैतिक बीज येथे रुजले असे म्हणावयास हरकत नाही.

साखळीचा खरा अर्थ

मध्ययुगीन ग्रंथालयांतील पुस्तके साखळीने बांधलेली असत, हे अनेकांनी ऐकलेले असते. त्यावरून ‘त्या काळी ज्ञान कैदेत होते’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे.

पॅरिसमधील सोर्बोन महाविद्यालयाचे उदाहरण घेऊ. रोबेर द सोर्बोन यांनी १२५७ च्या सुमारास ते गरीब ईशज्ञान-विद्यार्थ्यांसाठी स्थापन केले. १२९० च्या सूचीत तेथील पुस्तकांची संख्या १०१७ अशी नोंदलेली आहे. तेथे संग्रहाचे दोन भाग होते. ज्या ग्रंथांची सर्वांना वारंवार गरज पडे ते वाचनकक्षात साखळीने बांधलेले असत. ज्यांच्या जादा प्रती होत्या ते तारण घेऊन उसने दिले जात. म्हणजे साखळी ही वाचकाला पुस्तकापासून दूर ठेवण्यासाठी नव्हती. एका बलवान वाचकाने पुस्तक उचलून नेले तर बाकीचे सारे उपाशी राहतील, ते टाळण्यासाठी ती होती. एखाद्या मोठ्या आकाराच्या बायबलसाठी दीडशेहून अधिक वासरांची कातडी लागे आणि लेखनिकाची वर्षे खर्ची पडत, हे ध्यानात घेतले की तिची गरज पटते.

इटलीतील चेझेना या गावी मालातेस्ता नोव्हेल्लो या सरदाराने बांधलेले ग्रंथालय आजही आपल्या मूळ रूपात उभे आहे. इमारत १४५२ साली पूर्ण झाली. फ्रान्सिस्कन मठाच्या आवारातील या ग्रंथालयाची देखरेख नगरपालिकेकडेही सोपवलेली होती, म्हणून त्याला युरोपातील आद्य नागरी ग्रंथालयांत गणले जाते. ५८ लाकडी बाकांवर हस्तलिखिते अद्याप साखळ्यांनी जखडलेली आहेत. २००५ साली युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव्यांत नोंद केली.

मुद्रणकलेने पुस्तके स्वस्त झाली तशा साखळ्या हळूहळू गळून पडल्या. मिलान येथे कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांनी स्थापलेले आम्ब्रोसियाना ग्रंथालय १६०९ साली विद्वानांसाठी खुले झाले. मात्र तेथे बसून वाचणे वेगळे आणि पुस्तक बगलेत मारून घरी नेणे वेगळे. सामान्य कामकरी माणसावर तेवढा विश्वास टाकायला युरोपला आणखी अडीचशे वर्षे लागली.

करदात्याची सही

१८५० साली इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा मंजूर झाला. विल्यम एवर्ट हे त्याचे प्रवर्तक. विरोध कडवा होता. कर्नल सिब्थॉर्प या सभासदाने तर आपल्याला मुळी वाचनच आवडत नाही, असे सभागृहात सांगून टाकले. गरिबांना पुस्तके दिली तर ती चळवळींना खतपाणी घालतील, अशी धास्ती अनेकांना वाटत होती. परिणामी कायदा अगदी कंजूष झाला. दहा हजारांवर वस्ती असलेल्या नगरांनीच, तेही करदात्यांच्या दोनतृतीयांश मतांनी, तो लागू करावयाचा. कर पौंडामागे अर्धा पेनी. आणि त्या पैशांतून इमारत बांधता येईल, पण पुस्तके विकत घेता येणार नाहीत! १८५५ साली कर एक पेनी झाला व पुस्तक-खरेदीला परवानगी मिळाली.

२ सप्टेंबर १८५२ रोजी मँचेस्टर येथे मोफत ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. त्या सोहळ्याला चार्ल्स डिकन्स आणि विल्यम थॅकरे हे कादंबरीकार उपस्थित होते. एडवर्ड एडवर्ड्‌स हे पहिले ग्रंथपाल. पुस्तके घरी नेण्याची सोय झाली. पण ती सरसकट कोणालाही नव्हे. जो स्वतः कर भरतो त्याच्या सहीवर पुस्तक मिळे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला, मोलकरणीला वा तरुण कारकुनाला मात्र एखाद्या करदात्याची जामीनकी आणावी लागे. पुस्तक हरवले तर भरपाई जामीनदाराने करायची. साखळीची जागा जामिनाने घेतली होती.

शिवाय वाचकाला कपाटापाशी जाण्याची मुभा नव्हती. सूचीत पाहून क्रमांक सांगायचा आणि सेवकाने पुस्तक आणून द्यायचे. मागितलेले पुस्तक जागेवर आहे की नाही हे कळावे म्हणून १८७० च्या दशकात ‘दर्शक’ नावाच्या अवाढव्य चौकटी बसवण्यात आल्या. अल्फ्रेड कॉटग्रीव्ह यांनी १८७७ साली काढलेल्या दर्शकात प्रत्येक पुस्तकासाठी एक लहानसा सरकता ठोकळा असे. त्याचे एक टोक एका रंगाचे, दुसरे दुसऱ्या. पुस्तक बाहेर गेले की ठोकळा उलटा करायचा. भिंतभर पसरलेल्या त्या रंगीत क्रमांकांवर नजर टाकताच काय उपलब्ध आहे ते वाचकाला दुरूनच कळे. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ‘उपलब्ध’ किंवा ‘बाहेर दिलेले’ अशी अक्षरे उमटतात, तेव्हा तोच ठोकळा आपल्यासाठी फिरवला जात असतो.

ही तटबंदी १८९४ साली लंडनमधील क्लार्कनवेल येथे मोडली. जेम्स डफ ब्राऊन या ग्रंथपालाने वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिले. पुस्तके चोरीला जातील, जागा चुकतील, असा ओरडा अन्य ग्रंथपालांनीच केला. अर्थात काही पुस्तके चोरीला गेलीच. पण पुस्तके चाळून निवडण्याचा आनंद वाचकांना प्रथमच लाभला. आपण ज्याला मुक्तद्वार पद्धती म्हणतो ती हीच.

तिकिटाचा खिसा

१८९५ साली अमेरिकेतील ग्रंथपाल नीना ब्राऊन यांनी देवघेवीची एक सुटसुटीत पद्धत बसवली. आपल्याकडच्या महाविद्यालयांत शिकलेल्या पन्नाशीपुढील कोणालाही ती परिचित असेल, कारण ती भारतभर कित्येक दशके चालली. एका वेळी जितकी पुस्तके न्यावयाची, तितकी तिकिटे वाचकाला मिळत. प्रत्येक तिकीट म्हणजे एक छोटा खिसाच. प्रत्येक पुस्तकात त्याचा दाखलअंक लिहिलेले एक पत्र असे. पुस्तक देताना ते पत्र काढून वाचकाच्या तिकिटाच्या खिशात सरकवायचे, पुस्तकातील चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचा आणि ती जोडी त्या तारखेच्या खणात उभी करायची. पुस्तक परत आले की पत्र पुस्तकात आणि तिकीट वाचकाच्या हातात.

या पद्धतीचा एक गुण त्या काळी फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. पत्र आणि तिकीट विलग झाले की त्या वाचकाने ते पुस्तक नेले होते याची कोणतीही खूण मागे उरत नसे. देणे फिटले की वही कोरी. हा मुद्दा आपण मनात ठेवू या. पुढे त्याची गरज पडणार आहे.

ज्यांना कार्ड नाकारले गेले

ज्या अमेरिकेत ही सुबक पद्धत जन्मली, त्याच देशाच्या दक्षिण भागात कार्ड कोणाला द्यायचे हे कातडीच्या रंगावरून ठरत होते. ग्रंथालये करातून चालत. कर कृष्णवर्णीयही भरत. पण मुख्य ग्रंथालयाचे दार त्यांना बंद होते.

पुढे नामवंत लेखक झालेले रिचर्ड राइट १९२७ च्या सुमारास मेम्फिस शहरात एका कारखान्यात हरकाम्या होते. एच. एल. मेंकेन या लेखकाची पुस्तके वाचण्याची त्यांना अनिवार ओढ लागली. गोऱ्या सहकाऱ्यांपैकी कोणाकडे मदत मागावी याचा विचार करता त्यांची नजर एका आयरिश कॅथोलिक माणसावर स्थिरावली. पोपचा अनुयायी म्हणून इतर गोरे त्याचाही तिरस्कार करीत. ज्याने स्वतः अवहेलना सोसली आहे तो कदाचित आपल्याला समजून घेईल, असा राइट यांचा होरा होता आणि तो खरा ठरला. त्या माणसाने आपले कार्ड त्यांच्या हाती दिले. मात्र ही गोष्ट बाहेर फुटू देऊ नको, असेही बजावले. राइट यांनी त्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली. आपण केवळ निरोप्या आहोत असे ग्रंथपाल महिलेला वाटावे म्हणून त्या चिठ्ठीत स्वतःच्याच वंशाचा उल्लेख गोऱ्यांच्या तोंडच्या अपमानकारक शब्दाने केला, आणि पुस्तके मिळवली. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लॅक बॉय’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. ज्या कार्डावर आपण सही करून विसरून जातो, त्याच्यासाठी एका माणसाला स्वतःचे नाव लपवावे लागले होते.

१९५९ साली दक्षिण कॅरोलिनातील लेक सिटी येथे नऊ वर्षांचा रोनाल्ड मॅकनेअर पुस्तके मागण्यासाठी ग्रंथालयात गेला. ती नाकारल्यावर तो हटून बसला, तेव्हा पोलिसांना बोलावण्यात आले. अखेर पुस्तके त्याला मिळाली. हा मुलगा पुढे भौतिकशास्त्रज्ञ व अंतराळवीर झाला आणि २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यानाच्या अपघातात मृत्यू पावला. ती इमारत आज त्याच्या नावाचे स्मारक-संग्रहालय आहे. २७ मार्च १९६१ रोजी मिसिसिपीतील जॅक्सन येथे टूगलू महाविद्यालयाचे नऊ विद्यार्थी गोऱ्यांच्या ग्रंथालयात शांतपणे पुस्तके उघडून बसले, म्हणून त्यांना अटक झाली. वाचणे हाच त्यांचा गुन्हा.

हे वाचून आपण सुटकेचा निःश्वास टाकण्याचे कारण नाही. राइट परक्या कार्डावर पुस्तके मिळवत होते, त्याच १९२७ सालच्या मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला होता. सार्वजनिक या शब्दातून कोणाला वगळायचे याचे कौशल्य दोन्ही देशांनी सारखेच आत्मसात केले होते.

आपल्या मुलखात

महाराष्ट्रात वाचनालयांची परंपरा जुनी व अभिमानास्पद आहे. रत्नागिरीत १८२८ साली, नाशिकात १८४० साली व पुण्यात १८४८ साली वाचनालये स्थापन झाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. गोव्यात पणजी येथे १८३२ साली ‘पुब्लिका लिव्रारिया’ सुरू झाली. पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केल्यावर मठांतील ग्रंथ या संग्रहात आले. आज कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय या नावाने ती संस्था नांदत आहे.

आपल्या या वाचनालयांचा पाया वर्गणी हा होता. मासिक वर्गणी व अनामत रक्कम भरावी आणि पुस्तक न्यावे. वर्गणी थोडी असली तरी ती न भरू शकणारा बाहेरच राहतो. हा अडसर दूर करण्याचा मोठा प्रयत्न बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी केला. १९०६ साली संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केल्यावर, शिकलेल्यांना वाचायला पुस्तके नसतील तर ते पुन्हा निरक्षर होतील हे त्यांनी ओळखले. १९१० साली अमेरिकेहून विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना पाचारण करून त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये अशी मोफत यंत्रणा उभारली.

पुढे मद्रासचे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पुस्तके जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात, हा पहिला सिद्धांत समजावताना त्यांनी साखळबंद पुस्तकांचाच दाखला घेतला. त्यांच्या प्रयत्नांनी १९४८ साली मद्रास प्रांतात ग्रंथालय कायदा झाला व मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही; शासन अनुदान देते आणि संस्था वर्गणीवर चालतात. गोव्याने १९९३ च्या कायद्यात मद्यावरील अधिभारातून ग्रंथालयांसाठी निधी उभारण्याची तरतूद केली. पिणाऱ्यांनी वाचणाऱ्यांचा भार उचलावा, ही योजना आपल्या अनेक कुटुंबांना पटण्याजोगी आहे!

कार्डाचे खाते झाले

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात हेन्रिएट अॅव्हराम यांनी पुस्तकांची नोंद यंत्राला वाचता येईल असा आराखडा तयार केला. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो राज्यात दूरस्थ संगणकाशी जोडून पुस्तकांची सूची करण्याचे काम सुरू झाले. सूची संगणकात गेली, मग देवघेव गेली, आणि शेवटी वाचकाला घरबसल्या आपली नोंद पाहण्याची सोय झाली. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालेली ‘कोहा’ ही संगणक-प्रणाली जानेवारी २००० मध्ये कामास लागली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भेट’. नावाप्रमाणे ती सर्वांना मोफत दिली गेली आणि आज भारतातीलही अनेक ग्रंथालये तिच्यावर चालतात.

खात्याचे काम समजायला सोपे आहे. कार्डावरील क्रमांक हे आपले नाव आणि गुप्त संकेतशब्द ही आपली सही. आत गेल्यावर आपल्याकडे कोणती पुस्तके आहेत व ती कधी परत करायची ते दिसते : ही लॅनफ्रँक यांच्या ग्रंथपालाची यादी. दुसऱ्या कोणी मागणी केली नसेल तर मुदत वाढवता येते. हवे ते पुस्तक बाहेर असेल तर आरक्षण नोंदवून रांगेत उभे राहता येते. आणि रांगेत डॉक्टरांचा क्रमांक कामगाराच्या पुढे लागत नाही. मुदत संपण्यापूर्वी स्मरणपत्र येते. घरातील मुलांचे कार्ड वेगळे ठेवावे, संकेतशब्द कोणाला सांगू नये आणि सार्वजनिक संगणकावर काम झाल्यावर खाते बंद करून उठावे, एवढी पथ्ये पाळली म्हणजे झाले.

मात्र खात्याने दोन नवे प्रश्न उभे केले आहेत. पहिला स्मरणाचा. नीना ब्राऊन यांचे तिकीट पुस्तक परत येताच सारे विसरत असे. संगणक आपण होऊन विसरत नाही. त्याला विसरायला सांगावे लागते. एखाद्या स्त्रीने दुर्धर आजारावरचे पुस्तक नेले, एखाद्या तरुणाने दुसऱ्या धर्माचा ग्रंथ नेला, तर ते इतरांना का कळावे? अमेरिकन ग्रंथालय संघटनेने १९३० च्या दशकाच्या अखेरीसच वाचकांविषयीची माहिती गोपनीय राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य ठरवले होते. २००५ साली कनेक्टिकट राज्यातील चार ग्रंथपालांकडे सुरक्षा-यंत्रणेने वाचकांची माहिती गुप्तपणे मागितली. त्याविषयी बोलण्यासही त्यांना बंदी होती. त्यांनी नकार दिला व न्यायालयात धाव घेतली. २००६ साली शासनाने माघार घेतली. वाचक ग्रंथालयावर विश्वास टाकतो तो पुस्तकापुरता नसतो, हे त्या चौघांनी दाखवून दिले.

दुसरा प्रश्न नाजूकपणाचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकीय हल्ला झाला आणि जानेवारी २०२४ पर्यंत तिची सूचीच वाचकांना पाहता येईना. त्याच महिन्यात कॅनडातील टोरोंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयावरही तसाच घाला पडला. परत आलेली पुस्तके नोंदवता येईनात म्हणून सुमारे दहा लाख पुस्तके गाड्यांमध्ये साठवून ठेवावी लागली. तरी शाखा उघड्या राहिल्या. कर्मचाऱ्यांनी कागद-पेन हाती घेतले आणि कोण कोणते पुस्तक नेतो ते लिहून ठेवू लागले. एकविसाव्या शतकातील महानगर काही महिन्यांसाठी मठाच्या यादीवर परतले, आणि त्या यादीनेही काम भागले.

दंड आणि दार

उशिराच्या दंडाविषयीही याच काळात फेरविचार झाला. दंड श्रीमंताला टोचत नाही आणि गरिबाला वाचनालयापासून तोडतो, असा अनुभव होता. न्यूयॉर्कमध्ये पंधरा डॉलर थकले की कार्ड गोठवले जाई. शिकागोने २०१९ साली आणि न्यूयॉर्कने २०२१ साली उशिराचा दंड रद्द केला. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई अर्थातच कायम आहे. इलेक्ट्रॉनिक पुस्तकांच्या बाबतीत उलटा प्रवाह दिसतो. ते पुस्तक बहुधा ग्रंथालयाच्या मालकीचे नसते, परवान्यावर घेतलेले असते. २०११ साली एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने सव्वीस वेळा दिल्यानंतर परवाना संपेल, असा नियम केला. कागदी पुस्तकाला दुसऱ्या बांधणीने नवे आयुष्य मिळते. या पुस्तकाला ते भाग्य नाही. साखळी गेली असे म्हणता म्हणता ती अदृश्य रूपात परत आली, असे वाटावे.

एवढा प्रवास पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. साखळी, तारण, जामीन, तिकीट, संकेतशब्द ही सारी विश्वासाची साधने आहेत. प्रत्येक काळाने साधन बदलले तेव्हा दार किंचित रुंद झाले. आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी दाराबाहेर राहिलेही. आपल्या काळी बाहेर राहणारा कोण? ज्याच्यापाशी वर्गणीचे पैसे नाहीत तो. आणि आता ज्या आजोबांना पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत, ज्या आजींना संकेतशब्द म्हणजे काय ते ठाऊक नाही, तेसुद्धा. म्हणून खाते हे वहीला जोड म्हणून यावे. वहीची खिडकी बंद करून येऊ नये. गावातील वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आपल्यापैकी जी मंडळी आहेत त्यांनी एवढे पाहावे.

बाकीच्यांनी आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद व्हावे. घरातील शाळकरी मुलाला सोबत न्यावे, त्याच्या नावाचे कार्ड काढावे आणि अर्जावरची सही त्यालाच करू द्यावी. परतीची तारीख त्याने स्वतः लक्षात ठेवावी. दिलेला शब्द पाळण्याचा हा त्याच्या आयुष्यातील पहिला लेखी करार असेल. ज्या घरात वर्गणीचे पैसे जमत नसतील, त्या घरातील मुलाची वर्गणी शेजाऱ्याने गुपचूप भरावी. १२१२ सालच्या परिषदेने पुस्तक उसने देणे हे दयेचे कृत्य ठरवले, तेव्हा ते करण्यासाठी मठाधिपती असावे लागे. आज त्याला महिन्याची थोडी वर्गणी पुरते.